चातकचा नकाशा

चातुर्मासात मीनाक्षीबाई मौनाने जेवत. पहिला घास उचलला की हात धुवेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. वरण हवं असेल तर वाटी किंचित पुढे, पुरे झालं तर हात आडवा. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढी एकादशीला धरलेला हा नेम छत्तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. आणि या नेमाचं पुण्य त्यांच्या पदरी पडलं असेल ते असो, फायदा मात्र पुरेपूर उठवला तो त्यांच्या यजमानांनी.

श्रीधर पेठे तसे भिडस्त. वापीजवळच्या सायली गावात, प्लास्टिकच्या कारखान्यात तीस वर्षं माणसं सांभाळली, पण घरात बायकोपुढे काही अवघड बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. बायको भांडखोर असती तर त्यांनी निभावून नेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. पण हळू आवाजात नुसतं ‘का हो?’ विचारून पुढे थांबून राहणाऱ्या बाईला काय उत्तर देणार? म्हणून ते वर्षभर गोष्टी साठवून ठेवत आणि चातुर्मासात जेवताना सांगून टाकत. धाकट्या बहिणीला महिनाभर राहायला बोलावलंय. स्कूटर देऊन टाकली. डॉक्टरांनी साखर सांगितलीय. मीनाक्षीबाई घास हातात धरून नुसत्या बघत, आणि हात धुऊन येईपर्यंत श्रीधरराव आतल्या खोलीत आडवे झालेले असत.

कोजागरी होऊन चार दिवस झाले होते. रविवार होता. सामरवरणीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारची पानं मांडली होती, पहिला घास पोटात गेला होता, आणि बेल वाजली.

दारात बी विंगमधला सारंग देवरे. पस्तिशीचा, मूळचा नाशिकचा, सायलीला एका कारखान्यात मशिनी दुरुस्त ठेवणारा इंजिनियर. काखेत फुगलेली फाइल.

“जेवताय का? मग नंतर येतो, काका.”

“ये रे, बस. काकूंचं मौन आहे, पण ऐकू सगळं येतं तिला.”

सारंग खुर्चीच्या टोकाला टेकला. “एक पुस्तक करतोय. आपल्याकडे तारेवरच्या विमानांचे जे किट बनले, त्यांचा इतिहास. वॉचमन म्हणाला, पेठेकाका सायलीत फार जुने. म्हटलं, काही धागा मिळेल.”

मीनाक्षीबाईंनी भुवया उंचावल्या. त्यांना ‘तारेवरची विमानं’ म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांसारखं काहीतरी दिसलं असावं. सारंगने ओळखलं. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्याच्या लांब नाडीचं टोक बोटात धरलं आणि जुडगा गरागरा फिरवला.

“असं. ना रेडिओ, ना रिमोट. दोन बारीक पोलादी तारा, पंधरा मीटर लांब. एक टोक विमानाच्या पोटात, दुसरं माणसाच्या हातातल्या मुठीला. मूठ वर कलली की विमान वर, खाली कलली की खाली. विमान गोल फिरतं आणि माणूस मधोमध उभा राहून जागच्या जागी फिरतो. साठ-सत्तरच्या सुमाराला कॉलेजची, एनसीसीची पोरं वेडी होती याची. खोक्यात बाल्साचं लाकूड, पातळ कागद, तारा आणि नकाशा यायचा. घरी चिकटवा आणि उडवा. इंजिन वेगळं घ्यायचं. त्यात रॉकेल, इथर आणि एरंडेल.”

एरंडेल ऐकून मीनाक्षीबाईंचा चेहरा असा झाला की श्रीधररावांना ठसका लागला.

“आतापर्यंत एक्केचाळीस किट शोधलेत मी,” सारंग सांगत होता. “कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या रद्दीत. चाळिसांचे नकाशे मिळाले. राहिला तो एक इथलाच. ‘व्योमविहार’ नावाचं वर्कशॉप चौऱ्याऐंशी साली मुंबईहून सायलीला आलं. त्यांची तीन विमानं. मैना, बाज आणि शेवटचा चातक. चातकची गंमत म्हणजे तो उलटा उडायचा.”

“उलटा म्हणजे?” श्रीधररावांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा जरा सपाट होता.

“जगभर ही विमानं डावा पंख माणसाकडे करून फिरतात. घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध. चातकच्या तारा म्हणे उजव्या पंखातून निघतात. म्हणजे तो असा फिरणार.” सारंगने जुडगा थांबवून दुसरीकडून फिरवला.

मीनाक्षीबाई त्या जुडग्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात आलं, आता तर कुठे सुलट फिरतोय! पण मौन होतं.

“पोरांना सवय डावीकडे फिरायची. तारा गुंतल्या, वर म्हणावं तर विमान खाली, सगळी नाकावर आपटली. माल परत आला. शेठने विमानांचं खातंच बंद केलं. शेठचा पुतण्या वापीला असतो, त्याने फोनवर सांगितलं. मी लिहिलंय बघा.” सारंगने फाइलीतून कागद काढला. “‘नकाशा काढणारे इंजिनियर एस. पेठे यांच्या हलगर्जीपणामुळे चातक उलटा छापला गेला आणि एका चांगल्या उद्योगाचा शेवट झाला.’ आडनाव बघूनच तुमच्याकडे आलो, काका. तुमच्या नात्यातले कुणी?”

“नात्यातला नाही,” श्रीधरराव म्हणाले. “मीच तो. कोशिंबीर घेणार?”

सारंगचा चेहरा भिजल्या कागदासारखा झाला. मीनाक्षीबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. छत्तीस वर्षांच्या संसारात ‘चातक’ हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडत होता.

हात धुवून त्या आल्या तेव्हा सारंग निघून गेला होता आणि श्रीधरराव भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“का हो?”

“झालं ते झालं. चूक झाली, तेव्हाच कबूल केली. शेठने काढलं, मी प्लास्टिकमध्ये गेलो.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, प्लास्टिकला भवितव्य आहे.”

“होतंच की. तीस वर्षं जेवलो त्यावर.” आणि डोळे मिटून घेतले.

मीनाक्षीबाई त्यांच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. हा माणूस रात्री गॅसचं बटण तीनदा बघतो. विजेचं बिल उलटून मागची बाजूसुद्धा वाचतो. भाजीवाल्याने मेथीची जुडी दिली तर काड्या मोजतो की काय असं वाटावं. याच्या हातून उलटं विमान छापलं जाईल? आणि गेलंच असेल, तर त्या बाबतीत हा छत्तीस वर्षं गप्प बसेल? पुस्तक छापून निघणार, लेकीच्या सासरी जाणार, आणि या माणसाच्या उभ्या आयुष्याच्या कामावर एकच शब्द उरणार. हलगर्जीपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गॅलरीत होत्या. त्यांची तुळस कठड्याला टेकलेली, तिच्याभोवती फिरायला जागा नाही. म्हणून त्या रोज तिच्यापुढे हात जोडून, उजवीकडून, स्वतःभोवतीच अकरा फेऱ्या घेत. अकरावी पुरी झाली तेव्हा खालून सारंग ओशाळा होऊन बघत होता.

“काकू, चक्कर नाही येत?”

“अजून तरी नाही आली. वर ये. चहा घे.”

चहा पुढे ठेवून त्यांनी विचारलं, “पुस्तक छापायला कधी जातं?”

“दिवाळी झाली की.”

“कार्तिकी द्वादशीपर्यंत थांबशील? ते वाक्य मला पटत नाही.”

“अहो काकू, काका स्वतः कबूल करतायत.”

“म्हणून तर पटत नाही. तू तो नकाशा बघितलास?”

“बघितला असता तर काय हवं होतं! शेठने परत आलेला माल जाळला म्हणतात.”

“मग न बघता कसं लिहिलंस, बाळा?”

आवाज इतका हळू होता की सारंगला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला सहज विचारलंय. मग त्याने बशीत सांडलेला चहा उगाचच परत कपात ओतला.

व्योमविहारमधलं मीनाक्षीबाईंना एकच नाव आठवत होतं. तानूबाई. मालाच्या पॅकिंगला होती. नव्या सूनबाईला बघायला म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली होती आणि येताना वर्कशॉपमधला लाकडाचा एक तुकडा घेऊन आली होती. ‘हातावं ठेवून बघा, वजन लागत नाही,’ म्हणाली होती. शहाद्याकडची बाई, पुढे अथालला घर बांधलं असं ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी दोघं सारंगच्या गाडीतून अथालला गेली. तानूबाईचं घर शोधावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेला ओट्यावर ती स्वतःच तूर पाखडत बसली होती. केस पांढरे झाले होते, सुपाचा हात मात्र तसाच.

“अरे माय! पेठेसायबांच्या बाई! या, बठा. सायेब बरे ना? इतका देवमाणूस, पण शेठने काय केलं त्यांचं!”

“काय केलं, ते विचारायलाच आले मी,” मीनाक्षीबाई ओट्यावर टेकल्या. “चातक आठवतो का तुम्हाला?”

“आठवतो? एका डब्ब्यात बावीस नग भरायची मी. पंखाच्या फासळ्या चौदा, पत्र्याचे तुकडे, तारा, कागद, नकाशा. डोळे मिटून भरायची. शेठ म्हणे, तानू, तुझ्या डब्ब्यात कधी नग कमी निघत नाही. मग एक दिस टेम्पो भरून समदं परत. शेठ म्हणे, जाळी टाका. मी आन् शांता, दोघींनी जाळलं. भुर्रकन जाते ते लाकूड, कापरावानी. मले रडू आलं हो.” सूप थांबलं. “एक डब्बा मी ठेवला. चोरी म्हना.”

सारंग उभाच राहिला. “आजी, तो डबा... आहे अजून?”

“आहे म्हनजे काय, रोज लागतो.”

तानूबाईने आतून पुठ्ठ्याचं लांबट खोकं आणलं. झाकणावर निळ्या आभाळात झेपावणारा लाल पंखांचा चातक, कडा हाताळून मऊ झालेल्या. आत रेशनकार्ड, आधार, विम्याचे कागद, मुलाच्या लग्नाचा फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. आणि त्याखाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं बाल्सा, एकही फासळी न तुटलेली.

“मोजून घे,” ती सारंगला म्हणाली. “बावीस भरतील.”

सारंगने खरंच मोजले. बाविसावा नग म्हणजे आठ घड्यांचा निळसर नकाशा. ओट्यावरची तूर बाजूला करून त्याने तो उलगडला. कडा विरल्या होत्या, रेषा मात्र स्वच्छ. नाकापासून शेपटीपर्यंत विमान, उजव्या पंखातून निघालेल्या दोन तारा, आणि कोपऱ्यात लहानसं चित्र: मधे मूठ धरून उभा माणूस, त्याच्याभोवती वर्तुळ, वर्तुळावर बाण.

“खरंच उलटा,” सारंग पुटपुटला. “आणि नुसत्या तारा नाहीत, सगळंच उलटं. शेपटीचा कल, पंखाच्या टोकाचं वजन, सगळं उजव्याचं डावीकडे. आरशात बघितल्यासारखं. इतकी नीट चूक कशी होईल? आणि काकू, हे बघा. हे चिन्ह काय असेल? एखाद्या परदेशी कंपनीचं असावं. म्हणजे नकाशा चोरलेला होता की काय?”

सहीच्या चौकटीखाली, तांदळाएवढं, दोन पाकळ्या समोरासमोर ठेवल्यासारखं काहीतरी होतं. मीनाक्षीबाईंनी चष्मा सावरला. वाकून बघितलं. आणि त्यांचा हात तसाच कागदावर राहिला.

ते गोपद्म होतं. गायीचं पाऊल.

लग्नाच्या पहिल्या चातुर्मासात त्या रोज तुळशीपुढे तेहेतीस गोपद्मं काढत. बोटाला वळणच पडलं होतं. वाण्याच्या यादीवर, आईला लिहिलेल्या पत्रावर, जिथे कागद दिसेल तिथे एक पाऊल उमटायचं. आणि त्याच श्रावणात श्रीधरराव घरी एक जुना, वाळवीने खाल्लेला नकाशा घेऊन आले होते. ‘तुझी रांगोळीची रेघ सरळ येते, एवढा नव्या कागदावर उतरवून देशील? मला आठ दिवस मुंबईला जायचंय. शेठचा माणूस येऊन नेईल.’

सगळं आठवलं. खिडकीच्या काचेला टेकवलेला कागद. शाईची बाटली. आणि मधला तो माणूस. त्याच्याभोवती विमान फिरत होतं ते डावीकडून. अपसव्य. तसं कुणाभोवती कधी फिरतात ते त्यांना माहीत होतं. मडकं खांद्यावर असतं तेव्हा. एकोणीस-वीस वर्षांची नवी नवरी, नवऱ्याच्या हातचं पहिलं मोठं काम, आणि त्यात जिवंत माणसाभोवती उलटी फेरी? त्यांनी कागद पालथा केला होता. मागून रेषा तशाच दिसत होत्या, फक्त फेरी सुलट झाली होती. तीच काळजीपूर्वक गिरवली, अक्षरं नव्याने सरळ लिहिली, विमानाला तेव्हा नाव ठेवलेलं नव्हतं, आणि खाली गायीचं पाऊल काढलं. देवाला नमस्कारही केला होता. मुंबईहून आल्यावर ‘नीट करून ठेवलंय हो’ म्हणाल्या होत्या, आणि ते ‘छान’ म्हणाले होते.

“काकू? पाणी देऊ का?”

“नको,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “हा नकाशा घरी नेता येईल का, तानूबाई? परत आणून देईन.”

“नकाशा न्या. डब्बा नाही. माझं आधार कुठे ठेवू?”

“आजी, मी तुम्हाला कुलपाचा पत्र्याचा डबा आणून देतो,” सारंग काकुळतीला आला. “दोन आणतो!”

“आधी आण. मग बोलू.”

परतीच्या वाटेवर मीनाक्षीबाई नकाशा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होत्या. सारंगला वाटलं, मौन आज लवकर सुरू झालं.

घरी त्यांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. पानं वाढली. बसल्या. पहिला घास उचलला. श्रीधररावांनी त्या निळ्या घड्या ओळखल्या, आणि वरणात भात कालवत कालवत, बोलायला लागले. सवयच होती ती.

“माल परत आला तेव्हा जुना नकाशा आणि नवा एकावर एक ठेवला मी. जुळेना. मग जुना पालथा करून उजेडात धरला. रेघेला रेघ मिळाली. केसभर इकडे-तिकडे नाही. इतकं सुंदर काम आख्ख्या वर्कशॉपात कुणी केलं नसतं. खाली तुझं गायीचं पाऊल. शेठ ओरडत होता, किसने किया? मी म्हटलं, मैंने.”

मीनाक्षीबाईंनी घास परत पानात ठेवला. त्यांनी पाणी घेतलं.

“आता ‘का हो’ म्हणशील. तुझ्यासाठी केलं असं नको समजू. सही कुणाची होती? माझी. सही करण्याआधी तपासायचं काम कुणाचं? माझं. मुंबईहून आलो, नकाशा छपाईला निघाला होता, छान म्हटलं आणि सही ठोकली. तू पालथं केलंस ते तुझ्या बुद्धीने. मी न बघता सोडलं ते कशाने? म्हणून हलगर्जीपणा लिहिलंय ते बरोबर लिहिलंय त्या पोराने. आणि तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर दहीभात सोडला असतास प्रायश्चित्त म्हणून. मलाही मग सोडावा लागला असता.”

बटण तीनदा बघणारा माणूस. मीनाक्षीबाईंना आत्ता कळलं, ते कधीपासून बघायला लागला ते.

जेवण संपलं. नेहमीप्रमाणे श्रीधरराव उठून आत निघाले. पण आज हात धुवायला मीनाक्षीबाई त्यांच्या आधी पोचल्या आणि बेसिनपाशीच वाट अडवून उभ्या राहिल्या.

“मी सारंगला सगळं सांगणार.”

“नको गं. जुनी गोष्ट.”

“तुमचं नाव जाणार आहे छापून.”

“तुझं गेलेलं चालेल?”

“खरं असेल ते जाऊ दे.” मग जरा थांबून, आवाज आणखी हळू करून त्यांनी विचारलं, “पण मला एक सांगा. ते उडत होतं का?”

“काय?”

“चातक. डावीकडे फिरणाऱ्यांच्या हातात तो आपटला, ते कळलं. उजवीकडे फिरून कुणी उडवून बघितला का?”

श्रीधरराव खरकट्या हातांनी उभे राहिले. छत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. शेठलाही नाही. सगळ्यांनी उलटा म्हटलं आणि जाळला.

सारंगला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग त्याने खुर्ची ओढून घेतली, मग नकाशावर पट्टी धरून काहीतरी मोजत बसला. “काकू, तुम्ही अर्धवट उलटं केलं असतंत तर मेलंच होतं ते. पण सगळंच उलटं आहे. तत्त्वतः उडायला हवं. शिवाय पंख्याच्या झटक्याने विमान बाहेर ओढलं जाईल, तारा जास्त ताठ राहतील. पण तत्त्वतः म्हणजे काय, कागदावर. कागदावर सगळंच उडतं.”

“मग बनव,” श्रीधरराव म्हणाले. “पण या खेपेला मी प्रत्येक भाग तपासणार.”

दिवाळीत सायलीचे कारखाने बंद होते. जुन्या फासळ्यांना हात लावायला सारंग तयार नव्हता. पत्र्याचा डबा देऊन ते खोकं त्याने मिळवलं होतं, आणि त्याच्या कपाटात ते देवासारखं बसलं होतं. त्याने नकाशावरून नवे भाग कापले. श्रीधररावांनी एकेक भाग उजेडात धरून बघितला आणि दोन परत पाठवले. पंखांना कागद चढवायचं काम मीनाक्षीबाईंकडे आलं. अनारशाचं पीठ मळता मळता त्या मधेच हात धुवून येत, सुरकुती न पडू देता कागद ताणत, आणि परत पिठाकडे जात. घरभर तळणाचा आणि रोगणाचा असा काही मिश्र वास भरला की फराळाला आलेली शेजारीण अनारसा नाकाशी नेऊन बघायला लागली.

कार्तिकी द्वादशीला सकाळी पारणं झालं. मौनव्रताच्या सांगतेला घंटा दान करतात. मीनाक्षीबाईंनी पितळेची घंटा जवळच्या देवळात बांधून घेतली, एकदा वाजवली, आणि तिथूनच तिघं सायलीकडच्या मोकळ्या माळावर गेली. तानूबाईही आली होती. “बावीस नगांचं काय झालं ते बघू द्या मले,” म्हणाली.

सारंग मधे उभा राहिला. श्रीधररावांनी वीस पावलांवर गुडघे टेकून चातक धरला, पंखा टिचकीने फिरवला. तिसऱ्या टिचकीला इंजिन भुणभुणलं, एरंडेलाचा धूर निघाला. सोडला. चातक गवतावरून सरकला, उचलला गेला, आणि उजवीकडून फिरायला लागला.

दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला सारंगचे पाय एकमेकांत अडकले. आयुष्यभर डावीकडे फिरलेला माणूस. तो लटपटला, तारा ढिल्या पडल्या, चातक खाली आला. गवत उंच होतं म्हणून वाचला.

“गेलं!” श्रीधरराव ओरडले. मग धावत जाऊन उलटासुलटा बघितला. “पंख शाबूत. चाक वाकलंय फक्त.”

सारंग माळावर बसला होता, डोकं दोन हातांत धरून. “मला नाही जमत, काका. डोकं गरगरतं. मूठ कळते, पण पाय फिरत नाहीत.”

“माझे फिरतात,” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी पदर खोचला होता.

“काकू, याला हात स्थिर लागतो...”

“हात तू धर. मी फिरते.”

तशी ती दोघं मधे उभी राहिली. मीनाक्षीबाईंच्या मुठीवर मागून सारंगची मूठ, त्याचे डोळे विमानाकडे नाही तर त्यांच्या खांद्याकडे. इंजिन पुन्हा भुणभुणलं. तारांना ओढ बसली. अशी जिवंत ओढ, जसं कुणी लहान मूल बोट धरून पुढे पळतंय. मीनाक्षीबाईंचे पाय आपसूक उजवीकडे वळले. तुळशीपुढे वळत तसे, लहान लहान पावलांनी.

एक. दोन. आभाळ, माळ, श्रीधरराव, तानूबाई, पुन्हा आभाळ. तारा ताणलेल्या, एकदाही सैल नाही. पाच. सहा. सारंग कानाशी काहीतरी ओरडत होता. ताठ आहेत, काकू, मैनेपेक्षा ताठ! नऊ. दहा. त्यांचे ओठ हलत होते. अकराव्या फेरीलाही त्या थांबल्या नाहीत, कारण इंजिन थांबलं नव्हतं. एरंडेल संपेपर्यंत चातक फिरला आणि मग गवतावर अलगद टेकला, जशा कुणी दारात येऊन चपला काढाव्यात.

तानूबाईने टाळ्या वाजवल्या. “आन् आम्ही जाळलं समदं!”

श्रीधररावांनी जाऊन चातक उचलला, उजव्या पंखातल्या तारा सोडवल्या. आणि पुन्हा एकदा, सवयीने, तपासून बघितल्या.

दुपारी पेठ्यांकडे पाच पानं मांडली. पाचवं तुळशीच्या नैवेद्याचं. वाढणं होईपर्यंत सारंगने कागद काढून वाक्य पुन्हा लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: “‘चातक. नकाशा मीनाक्षी पेठे यांनी हेतुपुरस्सर उजवीकडून फिरणारा काढला. श्रीधर पेठे यांनी तो न तपासता सही केली. कोणीही उजवीकडे फिरून न बघता माल जाळला. छत्तीस वर्षांनी उडवून पाहिला असता विमान उत्तम उडते.’ चालेल?”

“‘न तपासता’ राहू दे,” श्रीधरराव म्हणाले. “ते खरं आहे.”

“तानूबाईंनी एक खोकं वाचवलं, तेही घाल,” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

“चोरी नका लिहू बरं,” तानूबाई म्हणाली.

मग पानावर बसले सगळे. मीनाक्षीबाईंनी पहिला घास घेतला. श्रीधररावांनी वरणात भात कालवला, घसा खाकरला, मान वर केली, आणि “अगं, एक सांगायचं राहिलंय—” म्हणता म्हणता थांबले. समोर बायको घास गिळून त्यांच्याकडेच बघत होती. आज चातुर्मास संपला होता.

“काय हो?” त्यांनी हळूच विचारलं.

“काही नाही,” श्रीधरराव म्हणाले. “आषाढात सांगेन.”